दोन गाड्यांमधला घास

विमानतळावर एक विमान सोडून दुसरे पकडण्याच्या मधल्या वेळात माणसे काय खातात, हा विषय आपल्या वार्षिकात कशाला, असे कोणीही विचारील. आपल्यापैकी बहुतेकांनी विमान पाहिले ते शेतात उभे राहून, मान वर करून. पण आता विमानतळ काही दूरची गोष्ट राहिलेली नाही. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात उभा राहिला आहे आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली आहेत. २५ डिसेंबर ही तारीख महाडच्या माणसाला वेगळ्या कारणाने पाठ असते, हे सांगायला नको. तेव्हा या विषयाला आपणही हात घालायला हरकत नाही.

माझा एक मामेभाऊ आखातात नोकरीला आहे. सुटीवर आला की तो विमानतळावरच्या खाण्याचे वर्णन करतो. चिनी, जपानी, थाई अशा पाट्या लावलेली दुकाने ओळीने असतात. काउंटरवर बोट दाखवायचे, पैसे द्यायचे, दोन मिनिटांत पुठ्ठ्याच्या वाडग्यात वाफाळलेल्या नूडल्स हातात येतात. लांब टेबलाशी जागा मिळेल तिथे बसायचे. एका बाजूला केरळचा सुतार, दुसऱ्या बाजूला कोणी टाय लावलेला साहेब. कोणी कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाला काही विचारत नाही. सगळ्यांचे एक डोळा वाडग्यावर आणि एक डोळा घड्याळावर. त्या एका वाडग्याची किंमत मात्र आपल्याकडच्या रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीहून जास्त, असे तो सांगतो आणि आजी कानांवर हात ठेवते.

हे ऐकताना मला आपले एस. टी. स्टँड आठवते. फरक किमतीचा आणि एअर कंडिशनचा. बाकी गोष्ट तीच आहे. मी पोलादपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येते. पहाटेची गावची गाडी, पोलादपूरला उतरायचे, तिथून महाडची गाडी. गावची गाडी सुटते तेव्हा घरात चूल नुकती पेटलेली असते. त्यामुळे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जो घास पोटात जाईल त्यावरच दुपारपर्यंतची व्याख्याने ऐकायची. कधी वडापाव, कधी उसळ-पाव, कधी नुसता चहा आणि खारी. संध्याकाळी परतताना स्टँडच्या आसपास चायनीजच्या गाड्या लागलेल्या असतात. मोठ्या आचेवर कढई उडत असते, कोबी-गाजर चिरून ठेवलेले असते आणि लालभडक शेजवान चटणीचा वास थेट फलाटापर्यंत येतो. गाडीवाला कोकणातला किंवा उत्तर प्रदेशातला, चीन त्याने नकाशातही पाहिलेला नसेल. पण दोन मिनिटांत प्लेट हातात येते, हे खरे. मुंबईहून येणारे, गोव्याकडे जाणारे, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला निघालेले, कशेडी उतरून आलेले आणि आमच्यासारखे रोजचे पासवाले, सगळे तिथे एकाच बाकावर टेकतात. शेजारी कोण बसले आहे याची चौकशी कोणी करीत नाही, कारण चौकशीला वेळच नसतो. कंडक्टरची घंटा वाजली की उठायचे.

हे दृश्य आपण रोज पाहतो म्हणून त्याचे काही वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ते वाटायला हवे. अनोळखी माणसाच्या शेजारी बसून, कोणाचा कोण याचा पत्ता लागू न देता, चार घास खाणे आणि वर पेलाभर पाणी पिणे ही गोष्ट या देशात फार उशिरा आणि फार कष्टाने मिळाली आहे. ती ज्या गावात मिळवण्याचा प्रारंभ झाला, त्याच गावात आपण शिकतो.

प्रवासात भूक लागलेल्या मुलांची एक खरी हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवली आहे. साल १९०१. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला होते आणि मुले सुटीत त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाली. नवे कपडे घालून, आगगाडीत बसण्याच्या आनंदात ती मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आलेले नव्हते. मुले महार आहेत हे कळल्यावर बैलगाडीवाले त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे या अटीवर. मुलांजवळ घरून दिलेले भरपूर खाणे होते. भूकही कडकडून लागली होती. पण पाणी मिळेना. रात्री जकात नाक्यावर त्यांनी, आधी शिकवून ठेवल्याप्रमाणे, आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले, तरीही मिळाले नाही. जवळ अन्न असून मुले उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नाही.

एक गाडी सोडून दुसरी धरणाऱ्या प्रवाशाच्या भुकेचा विचार करताना मला ही हकीकत सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘भूक लागते तर डबा आणावा, हॉटेलाची चैन कशाला?’ असे वडीलधारी मंडळी आम्हांला सांगतात. त्यांचे म्हणणे काळजीपोटी असते. पण १९०१ सालच्या त्या मुलांकडे डबा होताच की! माणूस घरातून भाकरी बांधून नेऊ शकतो, पण विहीर बांधून नेऊ शकत नाही. घराबाहेर पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या, म्हणजे सर्वांच्या, पाण्यावर अवलंबून राहावेच लागते. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ तिथून सुरू होतो.

म्हणूनच २० मार्च १९२७ ही तारीख मला नुसती इतिहासाच्या पेपरातली वाटत नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली करावीत, असा त्याचा आशय होता. यातला धर्मशाळा हा शब्द लक्षात घ्यावा. धर्मशाळा म्हणजे त्या काळचा प्रवाशाचा थांबाच. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचे नाव या कामात आदराने घेतले जाते. पण ठराव कागदावर राहिला. तळ्यावर पाऊल टाकण्याची सोय कोणाला झाली नाही.

मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा लांबलांबच्या खेड्यांतून माणसे पायी आली होती. त्यांच्या खांद्यावर भाकरीचे तुकडे बांधलेले होते. भाकरी त्यांची होती, पण पाणी? चाळीस रुपये मोजून परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, अशी नोंद आहे. भर गावात पाण्याने भरलेले तळे असताना पाणी विकत! दुसऱ्या दिवशी सर्व जण शांतपणे तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. पुढे काय झाले ते ठाऊक आहे. मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. तेव्हा कित्येक जण परतीच्या तयारीत होते, कित्येक जेवायला बसले होते. ते अन्न मातीत मिसळले गेले. नंतर तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

या घटनेत पाणी आणि घास वेगळे काढता येत नाहीत. तळ्यावर पाणी पिणाऱ्यांना शिक्षा म्हणून त्यांच्या पानातले अन्न मातीत घातले गेले. ज्यांनी पुढे राज्यघटना लिहिली त्यांनाही ते वेगळे काढता आले नाहीत. घटनेच्या पंधराव्या कलमात आधी दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख येतो आणि लगेच पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा. म्हणजे स्टँडवरचा बाकडा आणि चवदार तळ्याची पायरी एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. एक रिकामी आणि एक भरलेली, असे चालणार नाही.

तो काळ असा होता की चहाचे दुकान सर्वांना खुले करणे हीसुद्धा चळवळ होती. आपल्या शेजारच्या रत्नागिरीत १९३३ साली स्पृश्यास्पृश्यांनी एकत्र बसून खावे यासाठी मुद्दाम उपाहारगृह काढावे लागले. रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी भांडी वेगळी असत. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर सरकारी एस. टी. धावू लागली. त्या गाडीने काही न बोलता जे काम केले, ते पुष्कळ व्याख्यानांनी झाले नसते. तिकीट काढले की सीट ज्याची त्याची. गाडी थांबली की सगळे एकदमच खाली उतरणार, एकाच हॉटेलात शिरणार. कंडक्टर ओरडणार, ‘दहा मिनिटं हां!’ दहा मिनिटांत जात विचारायची की चहा प्यायचा?

नूडल्स, वडापाव, चायनीज भेळ यांच्याकडे आपले प्राध्यापक थोड्या तुच्छतेने पाहतात. आपल्या आहाराला ते शोभत नाही, पोटाला बरे नाही, असे त्यांचे मत. पोटाविषयी ते म्हणतात ते खरे असेल. पण या पदार्थांचा एक गुण मला दिसतो. त्यांना जुनी आठवण नाही. आपल्या प्रत्येक पारंपरिक पदार्थाच्या मागे कोणाच्या तरी स्वयंपाकघराची सोवळी-ओवळी चौकट आहे. अमक्याच्या हातचे चालते, तमक्याच्या हातचे चालत नाही. नूडल्स कोणाच्याच आजीने रांधल्या नाहीत. त्यामुळे त्या कोणाच्या हातच्या चालतात असा प्रश्न कोणाच्या मनात उठत नाही. जो पदार्थ कोणाचाच नाही, तो चटकन सर्वांचा होतो.

जगातही हेच दिसते. जपानमध्ये रेल्वेच्या फलाटावर उभ्याउभ्या नूडल्स खाण्याची दुकाने असतात. साहेब आणि शिपाई खांद्याला खांदा लावून खातात आणि गाडी पकडतात. सिंगापूरने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना पक्की बाजारगृहे बांधून दिली. तिथे चिनी, मलायी, तमीळ पदार्थांची दुकाने ओळीने आणि मध्ये बसायला सर्वांची टेबले. मुसलमान ग्राहकांसाठी उष्टी भांडी ठेवण्याची सोय वेगळी असते, पण टेबल वेगळे नसते. या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातले. ताटात काय घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाकाहारी माणसाने शाकाहारीच खावे, त्याला कोण अडवतो? पण ताट वेगळे असणे आणि माणूस वेगळा बसवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर सिंगापूरच्या बाजारात कळते आणि आपल्याला तळ्याच्या काठी राहून कळू नये?

इथे कोणी म्हणेल, आता कोण जात विचारतो? सुटला की तो प्रश्न! स्टँडवर सुटला आहे, हे मी मान्य करते. पण तो सुटला की घाईमुळे फक्त लांबणीवर पडला, याचा विचार करायला हवा. ज्याच्या शेजारी बसून आपण मिसळ खाल्ली, तोच दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली बघायला आला तर त्याचे आडनाव दोनदा विचारले जाते. गावच्या पूजेच्या जेवणात पंगती कशा बसतात, हे आपण सगळे डोळ्यांनी पाहतो आणि त्याविषयी बोलत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त हॉटेलातल्या वेगळ्या कपबशीची हकीकत आहे. ते पुस्तक १९८४ चे, म्हणजे अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन एकोणतीस वर्षे लोटल्यावरचे. घाईत विसरलेली गोष्ट सवडीने आठवते. म्हणून दहा मिनिटांच्या थांब्यावर जे जमते ते घरच्या ओसरीवर का जमत नाही, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा असे मला वाटते.

दुसरी गोष्ट पैशाची. जातीने जो बाक खुला केला तो आता पैसा हळूहळू बंद करीत आहे. महामार्ग रुंद होत आहे, बोगदे होत आहेत, लांब पल्ल्याच्या गाड्या गावाबाहेरून निघून जातात आणि मोठ्या काचेच्या हॉटेलांपुढे थांबतात. तिथले दर पाहून अनेक प्रवासी खाली उतरतच नाहीत. खिडकीशी बसून राहतात. मी एकदा सुटीत मावशीकडे जाताना अशा एका थांब्यावर पाहिले, एक म्हातारे जोडपे गाडीतच बसून राहिले होते. नळाचे पाणी कुठे मिळेल, असे त्यांनी विचारले. नळाला पाणी नव्हते, बाटली होती. म्हातारबुवांनी बाटलीची किंमत ऐकली आणि पिशवीतली शेंगदाण्याची पुडी पुन्हा बांधून ठेवली. जवळ खाणे आहे, पण पाणी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचीच ही गोष्ट, फक्त यात कोणी कोणाला जात विचारली नाही.

एस. टी. महामंडळाने स्थानकांवर बाटलीबंद पाणी आणले आणि त्याला ‘नाथजल’ असे नाव दिले. नाव वाचले की पैठणच्या एकनाथांची गोष्ट आठवते. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. त्या गोष्टीत नाथांनी गाढवाकडे सुटे पैसे मागितल्याचा उल्लेख नाही! चेष्टा सोडून द्या. बाटली विकायला माझा विरोध नाही, ज्याला हवी त्याने घ्यावी. पण बाटलीच्या शेजारी स्वच्छ पाण्याचा नळ असलाच पाहिजे आणि तो चालू असला पाहिजे. चाळीस रुपयांचे पाणी विकत घेऊन ज्यांनी सर्वांसाठी तळे खुले केले, त्यांच्या गावात तरी तहानलेल्याला ‘आधी पैसे काढ’ असे कोणी म्हणू नये.

विमानाने जाणाऱ्यांनी आपली तक्रार बरोबर वरपर्यंत पोचवली. विमानतळावरचा चहा फार महाग म्हणून ओरड झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर सरकारने स्वस्त उपाहारगृह सुरू केले. तिथे चहा दहा रुपयांना मिळू लागला. चांगलेच झाले. पण लाल गाडीतल्या प्रवाशाची ओरड कोण ऐकणार? त्याला वर्तमानपत्रात पत्र लिहिता येत नाही. आपल्याला येते. आपण कला शाखेत मग शिकतो तरी कशाला?

तिसरी गोष्ट आम्हां मुलींची, आणि ती इतर कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना एस. टी. चे तिकीट अर्धे झाले. तारीख पाहा, तळ्याच्या निकालाचीच! त्यामुळे गाडीत बायका-मुलींची संख्या वाढलेली दिसते. पण गाडीतून उतरल्यावर स्टँडच्या हॉटेलात एकटी मुलगी बसून खाताना किती वेळा दिसते? कोपऱ्यात ‘फॅमिली रूम’ अशी पाटी असते. एकट्या मुलीला फॅमिली कुठली? बाहेरच्या बाकावर बसले तर दहा डोळे पानात येतात. कितीतरी मैत्रिणी सकाळपासून उपाशी वर्गात येतात आणि ‘भूकच नव्हती’ म्हणतात. भूक असते. बसायला जागा नसते. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महाडला स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले होते. ज्या लढ्यात स्त्रियांना बरोबर घेतले गेले, त्याचे फळ चाखायला मात्र त्यांना पडद्याआड बसवायचे, हे बरे दिसत नाही.

नुसती तक्रार करून थांबावे असे मला वाटत नाही. आपल्या हातात असलेल्या तीन गोष्टी सुचवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी श्रमदान करतो. या वर्षी महाड आणि पोलादपूरच्या आसपास प्रवाशांसाठी पाण्याचे नळ किती, त्यांतले चालू किती, पाणी पिण्याजोगे किती, याची पाहणी करावी. रसायनशास्त्राचे मित्र पाणी तपासून देतील. ती पाहणी नगरपालिकेला आणि एस. टी. ला द्यावी. दुसरे, हॉटेलवाल्यांना विनंती करावी की पास दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला उसळ-पावाची एक प्लेट सवलतीत द्यावी. ग्राहक रोजचा आहे, त्यांचे नुकसान होणार नाही. तिसरी गोष्ट कोणाकडे मागायची नाही, आपणच करायची. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून बाहेरच्या बाकावर बसावे, आणि मुलांनी शहाण्यासारखे आपल्या ताटात पाहावे.

दरवर्षी २० मार्चला देशभरातून माणसे चवदार तळ्यावर येतात. त्या दिवशी गावात जागोजागी पाणी वाटले जाते, अन्न वाटले जाते आणि देणारा घेणाऱ्याला काही विचारीत नाही. त्या दिवशी महाड फार सुंदर दिसते. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत महाडला उतरणाऱ्या माणसालाही तसेच वाटावे. गाडी सुटायला दहा मिनिटे आहेत, खिशात वीस रुपये आहेत, घसा कोरडा पडला आहे, आणि तरी या गावात आपण परके नाही. विमानतळ जिल्ह्यात आला तसे हेही यावे. त्याला धावपट्टी लागत नाही. एक नळ, एक बाक आणि थोडी माणुसकी एवढेच लागते.